झेडचं पान

चष्मा घरी राहिला होता, एवढंच. सात रस्त्याजवळच्या पेढीत चनबसप्पा सकाळपासून डोळे बारीक करून टाइप करत होता. बाराच्या सुमाराला एका पत्रात त्याने चुकून चादरींऐवजी दुसराच माल लिहिला आणि शेठ म्हणाले, डिक्शनरीसाहेब, घरी जाऊन चष्मा घेऊन या. पेढीत सगळे त्याला डिक्शनरीच म्हणत. नैरोबीला, एडनला चादरी आणि टॉवेल जायचे. त्यांची इंग्रजी पत्रं तो लिहायचा आणि त्याच्या पत्रांतले शब्द लांबलचक असायचे. नव्या पेठेमागच्या आपल्या दोन खोल्यांचं कुलूप काढताना त्याला आठवलं की बायको, नीलम्मा, घरी नाही. धाकट्या भावाच्या, वीरभद्रप्पाच्या, मुलीचं आज बारसं होतं आणि नीलम्मा सकाळीच भवानी पेठेत, आई आणि भाऊ राहायचे त्या घरी, राबायला गेली होती. तो स्वतः संध्याकाळी जाणार होता. त्याने खिडकीत पाहिलं, टेबलावर पाहिलं, मग स्वयंपाकघरातल्या फळीवर. चष्मा पिठाच्या डब्यावर होता. तो उचलताना शेंगाचटणीच्या बरणीमागे ठेवलेली एक जाडसर चवड खाली पडली. साडीच्या काठाच्या दोऱ्याने शिवलेली वही. कागद मात्र त्याच्याच ऑफिसचे होते. चुकलेली, खाडाखोड झालेली पत्रं तो घरी आणायचा, मागची बाजू कोरी असते म्हणून. नीलम्मा त्यांत चटणी बांधते, चूल पेटवते, असं तो समजत होता. त्याने पान उलटलं. त्याच्या टाइप केलेल्या पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने एक मोठा ओ काढलेला होता, बांगडी ठेवून गिरवल्यासारखा. त्याच्याखाली थरथरत्या मोठ्या अक्षरांत एक इंग्रजी शब्द, मग तोच मराठीत, मग अर्थ. कॉरस्पॉन्डन्स. ह्येंचं काम. एकानं लिवायचं, दुसऱ्यानं लांबनं उत्तर द्यायचं.

त्याला हसू आलं. तो उभ्यानेच वाचू लागला. अनफॉर्च्युनेटली. न्हाई म्हणायच्या आदी म्हणत्यात. ओ असलेले असे सात-आठ शब्द झाल्यावर पुढच्या पानावर एस होता आणि त्याखाली एस असलेले शब्द. रिस्पॉन्सिबिलिटी, थोरल्याकडं आसती, हे म्हणताना ह्येंचा आवाज मोठा होतो. मिसअंडरस्टँडिंग, दोगांतल्या एकाला ठाऊक आसतं, एकाला नसतं. नीलम्मा अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, कानडी चौथी शिकलेली. मराठी वाचायला ती लग्नानंतर दुकानांच्या पाट्या बघून शिकली होती. इंग्रजी तिला कुणी शिकवलं? शेजारच्या हुसेनबीला इंग्रजी येत नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतंच. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि मग त्याला हळूहळू आठवायला लागलं. जेवताना ती कधीकधी एखादा कागद पुढे धरायची आणि विचारायची, हे कुठलं अक्षर हो. तो ताटातून मान वर न करता सांगायचा, एक्स. चार दिवसांनी पुन्हा, ह्ये कुठलं. व्ही. एवढा लांब शब्द हाय, म्हंजे काय हो. तो सांगायचा आणि भाकरी मोडायचा. वर्ष-दीड वर्ष हे चाललं असेल. म्हणजे त्यानेच तिला शिकवलं होतं. शिकवताना तो तिथे नव्हता, एवढंच.

त्याला हायस्कुलातले मास्तर आठवले. शनिवारी ते फळ्यावर एकच अक्षर काढत आणि विचारत, हे अक्षर ज्यात आहे असा लांबात लांब शब्द कोण सांगतो, अर्थासकट. वर्गातल्या वकील-डॉक्टरांच्या मुलांना जे यायचं नाही ते चनबसप्पाला यायचं. वडील हातमागावर बसायचे. घरात पुस्तक म्हणून एक पंचांग होतं. पण त्याने वाचनालयातला जाड कोश पान पान करून पाठ केला होता. एकदा क्यूवर त्याने असा शब्द सांगितला की मास्तरांनाच कोश उघडावा लागला. त्या दिवशी घरी जाताना आपण चार बोटं उंच झालो आहोत असं त्याला वाटलं होतं. पुढे नोकरी मिळाली तीही त्या शब्दांवरच. लांब शब्द वापरला की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, हे त्याला तेव्हाच कळलं होतं आणि पुढे आयुष्यभर ते त्याच्या उपयोगी पडलं. घरातसुद्धा. नीलम्माने माहेरी जायचं काढलं की तो म्हणायचा, फॉर द टाइम बीइंग नको. वहीत तेही होतं. फॉर द टाइम बीइंग, सद्या. ह्ये सद्या लई लांब आसतं. एक्सच्या पानावर एक्सट्राऑर्डिनरी, भेंडीची भाजी आवडली म्हंजे. त्याच्या खाली एक्स्प्लनेशन, मागितलं तरच द्यायचं आसतं. केच्या पानावर अ‍ॅक्नॉलेजमेंट. पत्र पोचलं एवडंच सांगणं, वाचलं आसं न्हाई. त्याचं हसू आता ओसरलं होतं. बाहेर गल्लीत कुणीतरी चादरींचे गठ्ठे हातगाडीवर टाकत होतं. एकेक गठ्ठा आदळल्याचा आवाज येत होता. ऑफिसला परत जायला उशीर होत होता. पण तिने त्याला किती नीट ऐकलं होतं, हे त्याला या मांडी घातलेल्या अवस्थेत, पिठाच्या वासात, पहिल्यांदा कळत होतं. लग्नाच्या बारा वर्षांत त्याचं बोलणं इतकं मन लावून दुसऱ्या कुणीच ऐकलं नव्हतं.

मग झेड आला. पानाच्या वर मोठा झेड आणि त्याच्याखाली लिहिलेलं, ह्ये अक्षर घरात कुटंच सापडना. ते खरं होतं. पेढीच्या जुन्या पद्धतीप्रमाणे पत्रांत झेड यायचाच नाही, ज्या शब्दांत काहीजण झेड घालतात तिथे ते एस घालायचे. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, झेडचं फारसं काम पडत नाही. त्याखाली लिहिलं होतं, ट्रंकेत सापडला. आणि त्याखाली एकच शब्द होता. इंग्रजी अक्षरं इतर पानांपेक्षा जास्त काळजीने काढलेली, एकेक अक्षर पाहून, थांबून. अ‍ॅझूस्पर्मिया. चनबसप्पाने वही मिटली. पुन्हा उघडली. शब्द तिथेच होता.

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तेव्हा आईने, नागव्वाने, नीलम्माला घेऊन फिरायला सुरुवात केली होती. आधी देव, मग वैद्य, मग दवाखाने. काळे काढे, पोटावर लेप, सोळा सोमवार आणि त्यानंतर आणखी सोळा. एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिच्यात काही दोष दिसत नाही, नवऱ्याला तपासून घ्या. नागव्वा चिडून दवाखान्यातून उठून आली. पण चनबसप्पाच्या मनात ते राहिलं. आईला ऑफिसचं काम सांगून आणि खरं फक्त नीलम्माच्या कानावर घालून तो पुण्याला गेला आणि तिथे तपासून घेतलं. डॉक्टरांनी तो शब्द सहज, दिवसातून दहा वेळा उच्चारत असल्यासारखा उच्चारला. आयुष्यात पहिल्यांदा चनबसप्पाला एका लांब शब्दाचा अर्थ दुसऱ्याला विचारावा लागला. यावर औषध नाही असं डॉक्टर म्हणाले. रात्री घरी आल्यावर नीलम्माने दारातच विचारलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. तो म्हणाला, एव्हरीथिंग नॉर्मल. वाट बघायची. आणि तो कागद मॅट्रिकच्या सर्टिफिकेटच्या पाकिटात घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. उद्या सांगू, असं तेव्हा त्याला खरोखर वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी आईने नवा काढा आणला होता आणि नीलम्मा नाक दाबून तो पीत होती. त्या क्षणी सांगायचं तर पहिल्यांदा हे सांगावं लागलं असतं की कालच का नाही सांगितलं. मग आठवड्याने सांगायचं तर आठवडाभर का नाही. असे दिवस एकावर एक चढत गेले.

याहून वाईट गोष्ट एक होती आणि ती तो स्वतःशीसुद्धा कधी बोलला नव्हता. चार वर्षांपूर्वी आईने दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. पंढरपूरकडची एक मुलगी बघूनही ठेवली होती. चनबसप्पाने साफ नकार दिला. माझी बायको ती एकच, पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. भावकीत त्याचं नाव झालं. बायको वांझ, तरी दुसरी केली नाही, देवमाणूस. मठात जाताना म्हातारे त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. आणि त्याने ते हात ठेवू दिले होते. नीलम्मा मागे दोन पावलांवर उभी असायची. डोक्यावरचा पदर सारखा करत.

पानावर अर्थ लिहिलेला होता. डॉक्टरीणबाईला चिट्टीवर शब्द दाखवला. शेजारणीच्या मालकाचा कागद हाय म्हणून सांगितलं. बीज न्हाई. औषद न्हाई. बाईची चूक न्हाई. त्याखाली दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली तारीख होती. मग थोडी जागा सोडून, दुसऱ्या पेन्सिलीने, जास्त ठळक, ह्येंनी सांगितलं तर ऐकायचं. आपण इचारायचं न्हाई.

दोन वर्षं. तो आठवू लागला. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात काय झालं होतं? त्याने आठवणीत घराचे कोपरे धुंडाळले. तिने काढे घेणं बंद केलं होतं, उलटी होते म्हणून. सोमवारी ती जेवायला लागली होती. त्याने ते पाहिलं होतं आणि बरं झालं, आशा सोडली बिचारीने, असं वाटून त्याला हलकं वाटलं होतं. त्याच श्रावणात ती बरेच दिवस फार कमी बोलायची. तो एकदा म्हणाला होता, दाढ दुखते का. ती म्हणाली, व्हय. आणि मग एका संध्याकाळी तो प्रमाणाबाहेर थकून आला होता, खुर्चीत डोळे मिटून बसला होता, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहान मुलाच्या ठेवतात तसा. काय गं, म्हणून त्याने विचारलं. काय न्हाई, म्हणाली. केस पांढरे व्हायलेत. तेव्हा ती हे सगळं जाणून तिथे उभी होती. म्हणजे राग येऊन, जिरून, मग तो हात आला होता.

झेडनंतर एकच पान लिहिलेलं होतं. डब्ल्यूचं. त्यावर चार शब्द होते आणि शेवटचा होता नॉटविथस्टँडिंग. आसं आसलं तरीबी. त्यापुढे तिने स्वतःचं काही जोडलं नव्हतं.

वही परत बरणीमागे ठेवून तो बाहेर पडला. ऑफिसकडे वळला नाही. नव्या पेठेत बायकांची गर्दी होती, सराफाच्या दुकानात कुणी बाळाचे वाळे वाजवून बघत होतं. तो उन्हातून चालत राहिला. आईला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत, याची जुळवाजुळव त्याच्या मनात आपोआप चालू झाली आणि त्याच्या लक्षात आलं की तो पुन्हा लांब शब्द शोधतो आहे. भवानी पेठेत शिरल्यावर मागांची खटखट कानावर आली. ती त्याच्या लहानपणाची, वडिलांची. त्या आवाजात मोठ्याने बोलल्याशिवाय कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून त्या घरात सगळे नेमकं आणि थोडक्यात बोलायचे. घरात पन्नासेक बाया होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा. वीरभद्रप्पाने, लवकर आलास की, म्हणून पुरुषांच्या सतरंजीकडे हात केला, पण तो सरळ स्वयंपाकघरात गेला. नीलम्मा चुलीपुढे हुग्गीचं पातेलं ढवळत होती. गव्हाच्या खिरीचा गोड वाफारा सगळीकडे भरला होता. तिचा चेहरा घामाने ओला होता. दुसरी कुणी नव्हती. पाळण्याची तयारी झाल्याचं ऐकून सगळ्या बाहेर गेल्या होत्या.

तो म्हणाला, "झेडचं पान वाचलं."

तिचा हात थांबला नाही. खीर खाली लागू नये म्हणून ती तळापासून ढवळत राहिली. तिने विचारलं की सगळी वही वाचली का. तो हो म्हणाला. मग ती म्हणाली, "राग आला हुता. लई. म्हैनाभर तुमच्याशी बोलले न्हाई. तुमाला कळलंबी न्हाई."

त्याला माफी मागायची होती. पण माफीचे त्याला येत असलेले सगळे शब्द पत्रांतले होते. तो म्हणाला की तो आत्ताच बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगतो. नीलम्माने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आज बाळाचा दिवस आहे, ती म्हणाली, जाऊबाईने, रत्नम्माने, नऊ महिने वाट बघितली आहे, तिच्या लेकीच्या बारशाला लोक दुसरंच काही बोलत घरी जायला नकोत. आणि सगळ्यांना कशाला? भावकीने मला वांझ म्हटलं तेव्हा मी मेले नाही, तुम्हाला काही म्हटलेलं मला ऐकवणार नाही. मग ती पातेल्याच्या कडेला लागलेली खीर पळीने खरवडत म्हणाली, "अव्वाला सांगा. त्येवडं मात्र सांगा."

तेवढ्यात ती अव्वाच, त्याची आई नागव्वा, दारात आली. तिला गूळ हवा होता. मुलगा स्वयंपाकघरात उभा बघून तिला आश्चर्य वाटलं, पण ती नीलम्माला म्हणाली की पाळण्यात घालताना तू आतच थांब, रत्नम्माच्या माहेरची माणसं आली आहेत, उगाच त्यांच्या मनात काही नको. ती हे कठोरपणे म्हणाली नाही. रोजची गोष्ट सांगावी तसं म्हणाली. नीलम्माने मान डोलावली. तिलाही ती रोजचीच होती.

चनबसप्पाने आईचा हात धरला आणि तिला मागच्या दाराने परसात नेलं. तिथे दोरीवर रंगवलेलं सूत वाळत होतं. लाल सुताचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. ज्या भाषेत त्याने तिच्याकडे पहिल्यांदा भाकरी मागितली होती त्या कानडीत तो बोलला. "तप्पु नंदु, अव्वा. अकीदल्ल." चूक माझी आहे, तिची नाही. मग पुण्याचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. सगळं मिळून सात-आठ वाक्यांत झालं. सात वर्षं जे झालं नव्हतं त्याला एवढाच वेळ लागला. झाल्यावर नागव्वाने विचारलं, तुला कधीपासून ठाऊक आहे. त्याने सांगितलं. आणि तिला? दोन वर्षं. दोन वर्षं, नागव्वा पुटपुटली. ती पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर बसली. सत्तरीकडे झुकलेली बाई, दंडावर गोंदलेलं, गळ्यात लिंगाचा करंडा. तिने तो मुठीत धरला. आई आता मारेल तर बरं, अशी वाट बघत असल्यासारखा मुलगा समोर उभा होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती स्वतःशी बोलत होती. मी तिला कडू काढे पाजले. गेल्या संक्रांतीला माझ्याकडे आलेल्या बायांसमोर तिच्या हातचं वाण परत केलं. ती काही बोलली नाही. माझे पाय चेपून देत होती ती, त्याच रात्री.

आतून बाया हाका मारू लागल्या, आजीशिवाय पाळणा अडला होता. नागव्वा उठली. पदराने तोंड पुसलं. मुलाला ओलांडून गेल्यासारखी त्याच्या बाजूने आत गेली. चनबसप्पा दारापर्यंत मागे गेला. त्याने पाहिलं की आई चुलीपाशी थांबली आणि तिने नीलम्माच्या हातातली पळी काढून घेतली. नीलम्मा द्यायला तयार नव्हती, खीर लागेल म्हणत होती. "मी बगते," नागव्वा म्हणाली. "तू जा भाईर. थोरली काकू हायस तिची. तू धर पाळण्याची दोरी." नीलम्मा जागची हलली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. नागव्वा तिच्याकडे पाठ करून ढवळत होती आणि तिचे खांदे हलत होते. नीलम्माने त्या खांद्यांना हात लावला नाही, लावावासा वाटून मागे घेतला. घागरीतलं पाणी घेऊन हात धुतले, तोंड धुतलं, आणि ती बाहेर गेली. रत्नम्माच्या माहेरच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी सरकून जागा केली. आजी कुठे आहेत, असं कुणी विचारलं तेव्हा नीलम्मा म्हणाली, त्या हुग्गी बघताहेत. आणि तिने दोरी हातात घेतली. चनबसप्पाला पुरुषांच्या सतरंजीवरून तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त हिरव्या बांगड्यांचा हात पुढे-मागे होत असलेला दिसत होता.

दिवेलागणीला ते दोघं निघाले. नागव्वाने जाताना डब्यात हुग्गी भरून दिली. मुलाशी ती बोलली नाही. पुढचे तीन आठवडे बोलली नाही, आणि ते त्याला रास्तच वाटलं. मिलचा भोंगा झाला होता, पाळी सुटून सायकलींचा लोंढा रस्त्याने येत होता. ते दोघं कडेने चालत होते. नेहमी ती दोन पावलं मागे असायची. आज तो हळू चालला, मग आणखी हळू, आणि एका वळणावर ती त्याच्या बरोबरीने आली. तिला खूप काही विचारायचं असेल असं त्याला वाटत होतं आणि एकेका प्रश्नाला तो मनात उत्तर देत होता. का लपवलं, काढे पिताना बघवलं कसं, देवमाणूस म्हणवून घेतलं कसं. खरं होतं ते सांगायचं, लहान शब्दांत सांगायचं, एवढं त्याने ठरवलं होतं.

नीलम्माने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"पुण्याला एकलेच गेला हुता," ती म्हणाली. "त्यो कागद हातात आल्यावर, त्या दिशी, जेवला हुता का कुटं?"

चनबसप्पा थांबला. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली आणि तो वळसा घालून गेला. दोन वर्षं हिने हा प्रश्न जवळ ठेवला होता. बाकीचे नव्हे, हा.

"न्हाई," तो म्हणाला. "स्टेशनवर पुरीभाजी घेतली. समोर ठेवून बसलो. मग गाडी आली."

ती चालायला लागली. तोही तिच्या बरोबरीने चालायला लागला आणि मग, न विचारता, त्याने तिला तो दिवस पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पहाटे घरातून निघताना ती झोपली होती तिथपासून.